कुणासाठी?

माझ्या हातात क्रोशाची सुई दिसली की घरी येणारं माणूस हटकून विचारतं, "कुणासाठी?" या डिसेंबरात मी म्हटलं, "माझ्यासाठी." शेजारच्या काकू क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "ते झालंच हो, पण कुणासाठी?"

त्यांचं तरी काय चुकलं? गेली 40 वर्षं मी जे विणलं ते दुसऱ्याच्या अंगावर नाहीतर सामानावर गेलं. आधी टीव्हीला रुमाल झाला. तेव्हा टीव्हीला वर जागा असायची. मग दारांना तोरणं झाली, आणि त्यानंतर नात्यातल्या एकूण एक बाळंतविड्यांतली टोपरी-मोजे. नाशिकची थंडी मी स्वतः मात्र लग्नात आलेल्या शालीवर काढली.

बाळाचं विणून विणून माणूस शेफारतं. टोपरं दोन दुपारींत होतं. सैल झालंच तर 'वाढत्या अंगाचं' म्हणून खपतं. स्वतःसाठी विणायचं तर आधी टेप घ्यावा लागतो. मी छातीचं माप तीनदा घेतलं. टेप एकदाही बधला नाही. नुसत्या पाठीला 70 साखळ्या! त्यावर मुक्या खांबांची एक ओळ संपेपर्यंत चहा गार. म्हटलं, चला, आपलंही वाढतंच अंग आहे.

लोकर आणली. म्हणजे दुकानदार लोकर म्हणाला, मीही लोकर म्हटलं; लेबलावर ॲक्रिलिक होतं. मेंढीला यातलं काही ठाऊक नाही. पण स्वतःवर एकदम खर्च करायचा हात होईना, म्हणून पाचच गुंडे घेतले. क्रोशाला लोकर दोन सुयांच्या विणकामापेक्षा जास्त लागते, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! तरी पाचच. उरलेले आणायला महिन्यानं गेले, तोवर रंगाचा घाणा बदलला होता. लेबलावर लॉटचा नंबर असतो तो याचसाठी. आता माझा उजवा हात मोरपंखी आहे आणि डावा जवळजवळ मोरपंखी.

क्रोशाचं एक बरं असतं. दोन सुयांवरचा टाका निसटला की शिडीसारखा खालपर्यंत उसवत जातो. इथे सुईवर बहुतेक वेळा एकच फास, त्यामुळे निसटून निसटणार किती? पण चूक आपल्याच डोळ्यांना दिसली आणि टोक ओढलं, की आठवडाभराचं काम दोन मिनिटांत परत गुंड्यावर. काखेतला उतार मी चारदा उसवला. बाळांच्या टोपऱ्यांत एवढी चूक मी खुशाल पोटात घातली असती. इथे घालवेना. आरशासमोर उभं राहून पाठ बघायला मान किती वळते, तेही या निमित्तानं कळलं.

फेब्रुवारीत भाचीला मुलगी झाली. फोनवर आनंदीआनंद, आणि लगेच, "मावशी, टोपरं कधी पाठवतेस?" मांडीवर डावी बाही कोपरापर्यंत आली होती. गुंडा शेवटचा. एका टोपऱ्यापुरती लोकर त्यात आरामात निघाली असती. मी गुंड्याकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं.

टोपरं दुकानातून आणलं. सवयीनं उलटं करून टाके पाहिले, यंत्रावरचं, सुबक. बाळाला अगदी मापात बसलं.