शाल मिळाली, श्रीफळ राहिलं

दुसऱ्याच्या धर्माचं वस्त्र आपण अंगावर घ्यावं की घेऊ नये, या विषयावर माझं मत अगदी ठाम असतं. अडचण एवढीच, की ते समोर उभ्या असलेल्या माणसागणिक बदलतं.

झालं असं, की अलिबागकडच्या माझ्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, मित्राच्या नातवाचा बार मित्झ्वा होता. मुलाला तेरावं वर्ष पुरं झालं की तो सगळ्यांसमोर तोरा हा यहुदी धर्मग्रंथ वाचतो आणि तिथून पुढे धर्माच्या आज्ञा पाळायची जबाबदारी त्याची स्वतःची, असा हा सोहळा. मित्राचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं, बोलणं अस्सल कुलाबी, आणि पूर्वज तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. निघताना आमच्या कन्येने बजावलं, “बाबा, तिथे त्यांची टोपीबिपी घालून मिरवू नकोस हं. दुसऱ्याचा धर्म म्हणजे फॅन्सी ड्रेस नव्हे.” कन्या समाजशास्त्र शिकते आणि मी कन्येला घाबरतो, त्यामुळे मला ते तात्काळ पटलं.

गुरुवारी सकाळी सिनेगॉगच्या दारात पोचलो, तर तिथे एका टोपलीत छोट्या गोल टोप्या ठेवलेल्या. शेजारी बसलेल्या आजोबांनी त्यातली एक पुढे केली. मी हात जोडले, घसा खाकरला आणि “आपल्या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे, म्हणूनच मी ती घालणार नाही” असं वाक्य, जे मी एसटीत वडखळपासून घोकत आलो होतो, ते न अडखळता म्हटलं.

आजोबा शांतपणे म्हणाले, “आदर आहे ना? मग डोकं झाका.”

पुरुष कुठल्याही धर्माचा असो, इथे बोडक्या डोक्याने आत जायचं नाही, असा त्यांचा रिवाज. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशीही हेच. २०१७ साली डोनाल्ड ट्रम्प तिथे गेले ते काळी टोपी घालूनच. “त्यांनी घातली. तुमचं काय अडलंय?” यावर उत्तर नव्हतं. टोपी घातली. ती घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. मग आजोबांनी केसांत अडकवायची क्लिप काढली, माझ्या डोक्याकडे पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि क्लिप परत खिशात ठेवली.

एक गोष्ट घातली नाही म्हणून बोलणी खाल्ल्यावर मी मनाशी ठरवलं, की आता जे दिसेल ते घालायचं. भिंतीवरच्या खुंट्यांना काळ्या-निळ्या पट्ट्यांच्या पांढऱ्याशुभ्र शाली टांगल्या होत्या. तालुक्याच्या वाचनालयात चार भाषणं ठोकलेल्या मराठी माणसाला शाल दिसली की पुढचं काही सुचत नाही. मी एक घेतली, खांद्यांवर नीट पसरली, चेहरा नम्र केला आणि श्रीफळाची वाट पाहत उभा राहिलो. शेजारी एक गृहस्थ डाव्या दंडाला काळा पट्टा गुंडाळत होते. सोहळ्याआधी सगळ्यांचा रक्तदाब तपासतात हे मला फार आवडलं, म्हणून मीही बाही वर केली. ते होते तेफिलीन, म्हणजे तोराची वचनं घातलेली चामड्याची डबी आणि तिचे पट्टे. इतक्यात तोरा वाचनासाठी कोणाला बोलवायचं ते पाहणारे एक गृहस्थ माझी शाल बघून, बाहेरगावचा यहुदी पाहुणा समजून, लगबगीने आले, नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, ते मी रेशन कार्डावर आहे तसं आडनावासकट सांगितलं, आणि मग त्यांनी कानाशी लागून कुळ विचारलं, “कोहेन की लेवी?”

मी सवयीने म्हणालो, “ओपन.”

मला हलकेच बाहेर नेण्यात आलं. तिथे आजोबा होतेच. त्यांनी समजावलं, टोपी हा रिवाज, तो पाहुण्यालाही चालतो. शाल मात्र वेगळी. तिच्या चार कोपऱ्यांना गोंडे असतात, ती इस्राएलाला दिलेली आज्ञा आहे, ‘गणना’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात. गोंड्याच्या हिब्रू नावाच्या अक्षरांची किंमत सहाशे, त्यात आठ धागे, पाच गाठी, बेरीज ६१३. तोराच्या आज्ञा तेवढ्याच, आणि गोंडा दिसला की त्या आठवायच्या. सोळाव्या शतकातला ‘शुल्हान आरूख’ हा धर्मनियमांचा ग्रंथ तर सांगतो, की गोंडे लावलेली शाल परधर्मीयाला विकूसुद्धा नये. प्रवासात एखाद्या यहुद्याने ते गोंडे पाहून, आपलाच माणूस म्हणून सोबत धरली आणि तो वाटमाऱ्या निघाला तर? एवढं सांगून आजोबा माझ्याकडे रोखून पाहू लागले. मी रिक्षावाल्याकडे सुटे परत मागायला घाबरतो.

“६१३ पाळणार असाल तर खुशाल पांघरा,” ते म्हणाले. मला डॉक्टरांच्या तीन पाळता येत नाहीत: चालणं, लवकर झोपणं आणि गोड न खाणं. मी घाईघाईने शाल काढायला गेलो, तो गोंडा घड्याळाच्या पट्ट्यात अडकला, तो सोडवायला मान खाली घातली तर टोपी पडली, टोपी धरायला वाकलो तर शाल चष्म्यावर आली, आणि मी अंदाजाने ज्यांच्या पायांवर डोकं टेकवलं ते त्या मुलाचे आजोबा, म्हणजे माझा मित्र. त्याने मला आशीर्वाद दिला.

मुलाने मात्र सुरेख वाचलं. ६१३ आज्ञांचं ओझं घेऊन तो हसत खाली उतरला, आणि मी रिकाम्या खांद्यांनी, एका हाताने टोपी दाबून धरत टाळ्या कशा वाजवायच्या या विवंचनेत उभा होतो.

दुपारी मित्राच्या घरी मलिदा होता. एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव घेऊन झाल्यावर गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, वर फळं, असं भरलेलं ताट माझ्यापुढे आलं. हे तरी मला चालतं ना, असं मी आजोबांना आधीच विचारून घेतलं. ते म्हणाले, मलिद्याला धर्माची अट नाही.

डॉक्टरांची होती.