पेल्याची चमक आणि दारूबंदी खातं

जुन्या सिनेमातला उंच दांड्याचा पेला इतका देखणा का दिसतो, असं शिंदखेड्याच्या जाणत्या प्रेक्षकाला विचारलं तर तो म्हणेल, हेलनच्या हातात होता म्हणून. उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. माझ्या मते ती चमक दारूची नसून बंदीची आहे. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला, मोरारजीभाईंनी तो मनापासून राबवला, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच शहरातल्या स्टुडिओंत खलनायकाच्या दिवाणखान्यात बार उगवला. खऱ्या मुंबईकराला घोटासाठी परमिट लागे. खलनायकाचं रेशमी गाऊनवर भागे. व्हॅट सिक्स्टीनाइनची बाटली तर इतक्या चित्रपटांत झळकली की श्रेयनामावलीत तिचं नाव यायला हवं होतं. पडद्यावरचा लाडका बेवडा म्हणजे जॉनी वॉकर. बद्रुद्दीन काझी नावाच्या या माजी बस कंडक्टरला गुरुदत्तनं व्हिस्कीचं नाव दिलं, पण तो स्वतः थेंबाला शिवत नसे. बंदीच्या शहरात याहून कायदेशीर पात्रनिवड कोणती!

अमेरिकेत १९२० ते १९३३ बंदी होती; ती उठली आणि पुढच्याच वर्षी ‘द थिन मॅन’मधलं गुप्तहेर जोडपं पेले रिचवत खून उलगडू लागलं. कुणी म्हणेल, जेम्स बाँडच्या इंग्लंडात कुठे बंदी होती? नव्हती. पण बाँडची पहिली कादंबरी आली १९५३ साली, आणि तिथलं रेशनिंग संपलं १९५४ला. टंचाई ही बंदीची सख्खी बहीण. दुसरा आक्षेप अस्सल मराठी आहे: गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त पेला भेसूर दिसतो, त्याचं काय? ते नाटक आलं तेव्हा, १९१९ साली, सरकार अबकारीच्या उत्पन्नावर खूश होतं. सरकारच दारू विकत असेल तर घाबरवण्याचं काम नाटककाराकडे येतं. सरकार घाबरवू लागलं की सजवण्याचं काम सिनेमा करतो.

खरी पंचाईत तापीपलीकडे, सातपुड्यात होते. मोहाच्या भट्टीवरही धाडी पडतात, मग पानाचा द्रोण हातात घेऊन एकाही नटीनं जिन्यावरून मान का वेळावली नाही? इथे सिद्धांताला पुरवणी जोडावी लागते: वस्तू नुसती बंदीतली असून भागत नाही, ती परवडायलाही नको. मोहाची दारू आधी देवाला चढते, मग लग्नात सगळ्यांना मिळते. तिचं कुणाला अप्रूप?

मूळ मुद्दा मात्र टिकतो. २०००च्या सुमारास दूरचित्रवाणीवर दारूच्या जाहिरातींना मनाई झाली, तेव्हा त्याच नावांचा सोडा आणि गाण्यांच्या सीडी आल्या. सोडा पिऊन माणसं इतकी खिदळतात, हे देशाला तेव्हाच कळलं. शिंदखेड्याहून सुरतेच्या गाडीत बसा: नवापूर स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाटलीचं नाव काढल्यावर डोळे कोणत्या बाजूला जास्त लकाकतात, ते सांगायला नको. म्हणून कॉकटेलला मोहक बनवणाऱ्यांचा कधी सत्कार ठरलाच, तर पहिला हार नटीला नको, दारूबंदी खात्याला घाला.