फटाक्याने भरलेला प्रवेशअर्ज

दहावीचा निकाल लागला की कुरुंदवाडात घरोघरी 'सायन्स की कला?' हा खल सुरू होतो. याच गावात १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांवर ती वेळच आली नाही. लहानपणी फटाक्याने डोळे अधू केले आणि करिअर-मार्गदर्शन तिथेच आटोपले. पोरगा मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकायला गेला. आता 'कला' म्हणजे लहरी कारभार, असे मानणाऱ्यांनी पुढचे पाहावे. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून या गवयाने केले काय, तर अभ्यासक्रम आखला, परीक्षा लावल्या, स्वर कागदावर बांधले: खालच्या, मंद्र सप्तकातल्या स्वरावर टिंब, वरच्या, तार सप्तकातल्या स्वरावर उभी रेघ. प्रयोगवहीच म्हणा ना!

कुणी म्हणेल, पण पोटाचे काय? रास्त आहे; कर्जापायी याच महाविद्यालयाची मुंबईतली इमारत पुढे लिलावात गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र पोटासाठी सायन्स घेतले की मन गप्प बसते, हेही खोटे. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर विश्वाची गणिते सोडवता सोडवता कथा लिहू लागले, आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने! बक्षीस जगतापांना मिळाले; साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मात्र नारळीकरांकडे यायला २०२१ उजाडले. प्रवेशअर्जात चौकोन दोन आणि खूण एकच, ही अट घालणाऱ्या कारकुनाने या दोघांना कुठल्या खिडकीवर उभे केले असते?