एकांडा शिलेदार

गणपतीच्या शापातून सुटायला चंद्रानं लिंबागणेशला तप केलं, देव पावला आणि भालचंद्र झाला, ही कथा गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. त्याच भालचंद्राच्या देवळाजवळ, सावली बघून, हल्ली आणखी एक तपस्वी बसतो. मान खाली, कानात इअरफोन, हलतात ते फक्त अंगठे. बीजीएमआय ह्या मोबाईलवरच्या लढाईच्या खेळात बाकीचे चौघांची टोळी करून उतरतात. हा मुद्दाम एकटा. ‘सोलो व्हर्सेस स्क्वॉड’ असं तो ज्या गांभीर्यानं म्हणतो, त्यावरून म्हाताऱ्यांना वाटतं, पोरगं कसल्या तरी परीक्षेला बसलंय.

भोवती आठवी-नववीची पोरं. त्यांना उपदेश चालू असतो.

“पोचिंकीत उतरायचं नाही. तिथं जत्रा असती. कडंचं घर धरायचं, बंदूक, हेल्मेट, औषध घ्यायचं अन् गप पडायचं.”

खेळातल्या एरंगेलचा, म्हणजे पोचिंकी जिथं आहे त्या बेटाचा, नकाशा आठ किलोमीटर लांब, आठ रुंद. 100 जण छत्री घेऊन उतरतात आणि उतावळे पहिल्या काही मिनिटांतच एकमेकांना संपवतात. तेवढा वेळ दम धरायचा.

“अन् गवतात पालथं पडलं म्हंजी लपलो, असं समजू नको लेका. लांबच्याच्या मोबाईलमधी गवत उगवतच नाही. त्याला तू उघड्या माळावर पडलेला दिसतूस.”

“मग चौघं एकदम आले तर?” एकाची शंका.

“बंदूक काढायचीच नाही. एखादा मागं राहतोच, त्याला आडवा करायचा. दोस्त उचलायला येत्यात, मग एकेक टिपायचा. तू पडलास तर उचलायला कोण येणारंय, तुझा मामा?”

आमच्या वेळी टीव्हीला जोडायच्या कॉन्ट्रात वर-वर-खाली-खाली अशी बटणं दाबून तीस जीव पदरात पाडून घेता यायचे. ह्याला बिचाऱ्याला एकच. त्यामुळं त्याच्या पराक्रमात लढाई चिमूटभर, बाकी सगळं दडी मारणं, कानोसा घेणं आणि वेळेवर पळणं. ही विद्या त्यानं घरीही मुरवली आहे. वडिलांच्या वहाणांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, की हा परसदारानं पसार. शेण काढायची वेळ झाली, की नकाशावरून नाहीसा.

सरकारनं सप्टेंबर 2020 मध्ये पब्जी बंद केला, तेव्हा वडिलांनी दिल्लीच्या दिशेनं हात जोडले होते. पुढच्या जुलैत त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, 2022 च्या जुलैत तोही गेला, 2023 च्या मे महिन्यात परत आला. पोरगं तेवढ्यापुरतं सुतक पाळायचं. हात जोडायचं वडिलांनी आता सोडून दिलंय.

ह्या खेळाला मधेच थांबवायचं बटण नसतं, हे आईला पटवणं मात्र त्याला कुठल्याच डावपेचानं जमलेलं नाही. एकदा भिंतीआड दबा धरून बसला होता आणि माईक चालू राहिला. “मुडद्या, म्हशीला पाणी कोण दाखवायचं?” ही गर्जना थेट भिंतीपलीकडच्या शत्रूच्या कानात. शत्रू मराठी निघाला. “जा भावा, म्हस बघ आधी,” म्हणाला आणि ठोकला.

तरी वडील चारचौघांत त्याचं एक कौतुक करतातच. मोटारीची लाईट रात्रीची असली, की दुसऱ्यांची पोरं आढेवेढे घेतात. हा मात्र खोरं आणि मोबाईल घेऊन आनंदानं गव्हाला पाणी द्यायला जातो. रात्री रेंज चांगली असते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. परवा खेळाच्या शेवटच्या वर्तुळात तिघंच उरले होते, हा बांधावर श्वास रोखून बसलेला, आणि दारं मोडायचं राहून गेलं. तिघांतले दोघे ह्यानं टिपले. पाणी तोवर बांध फोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरलं होतं आणि शेजारी, त्याचे दोन भाऊ नि मेहुणा बॅटऱ्या घेऊन चौघं एकदमच निघाले होते.