तुम्ही पुसलेले किलोमीटर

प्रति,
जुन्या गाड्यांचं मीटर मागे फिरवून विकणारे गृहस्थ

महोदय,

तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता मला ठाऊक आहे. ते इथे लिहीत नाही, कारण तुमचा धंदा करणारे तुम्ही एकटे नाही. ज्याला ज्याला हे पत्र आपलं वाटेल, त्याने ते आपल्याच नावाचं समजावं.

एकोडीचा माझा पुतण्या तुमच्याकडून गाडी घेऊन आला. धानाचे चुकारे हातात आले होते, सोसायटीचं देणं फेडून थोडे उरले होते, त्यात त्याच्या आईने आपली साठवण घातली. लायसन मिळून त्याला वर्षही झालं नव्हतं. तुम्ही त्याला ‘भाऊ’ म्हणालात, चहा पाजलात. ‘सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना एवढीच चालली,’ असं सांगितलंत. मीटरवर 58 हजार दाखवलेत. संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे, हेही न विसरता सांगितलंत. पोराने दुपारीच टोकन दिलं.

पुढे गाडीचा नंबर घेऊन आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने संगणकावरची नोंद वाचून दाखवली: दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगला हीच गाडी 1 लाख 31 हजार किलोमीटर धावलेली होती. “काकाजी, मग मधले किलोमीटर गेले कुठे?” असं पुतण्याने मला विचारलं. हा प्रश्न तुमचा आहे, म्हणून तो तुमच्याकडे पाठवतो आहे.

तुमच्या हाताला सफाई आहे, हे मान्य. लॅपटॉपला वायर जोडून काही मिनिटांत आकडा बदलता येतो, आणि तुम्ही तो बदललात. पण ब्रेकच्या पॅडलवरचं झिजून गुळगुळीत झालेलं रबर तसंच ठेवलंत. स्टेअरिंगची कातडी हात लागून लागून चकाकत होती, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसली होती. 58 हजारांत गाडीची ही दशा होत नाही. बऱ्याच गाड्यांत मीटरखेरीज दुसऱ्या नियंत्रकांतही धाव नोंदलेली असते. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर लावणारा जाणता मिस्त्री ती तफावत काढू शकतो. तुमचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता: नवखं पोरगं एवढं बघणार नाही.

पैशांचं दुःख मोठं आहेच. खेड्यातल्या घरात एवढी रक्कम पुन्हा जमायला किती हंगाम जातात, ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. माझा राग त्याहून वेगळ्या कारणासाठी आहे. किलोमीटरचा आकडा पाहून गाडीची निगा ठरते. ऑइल, फिल्टर, गिअरबॉक्सचं तेल, क्लच, शॉकअप, टायमिंग बेल्ट यांची तपासणी आणि बदली त्या आकड्यावर लागते. तुम्ही आकडा मागे नेलात म्हणजे ज्याची वेळ उलटून गेली आहे, त्याला अजून अवकाश आहे, असं त्या मुलाला लेखी कळवलंत. बेल्टची मुदत टळली आणि तो धावत्या गाडीत तुटला, तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. इंजिन तिथेच बंद पडतं, स्टेअरिंग जड होतं, ब्रेकची मदत दोनतीन दाबांत संपते. वीस वर्षं गाडी हाकलेला माणूस तशातही ती कडेला घेईल. नुकतं लायसन मिळालेला मुलगा काय करील? त्याला इंजिनच्या आवाजातला फरक अजून ओळखता येत नाही. त्याच्याकडे विश्वास ठेवायला तो आकडाच होता.

आमच्या पोरांची गाडी कुठून जाते, ते तुम्ही पाहिलं असेल. साकोलीला गेलं की राष्ट्रीय महामार्ग 53 लागतो, त्यावर नागपूर-रायपूरचे ट्रक रात्रंदिवस धावतात. साकोली आणि लाखनीच्या मध्ये मोहघाट्याचं जंगल आहे. तिथे रात्री चितळ किंवा रानडुक्कर अचानक समोर येतं आणि पाय ब्रेकवर जातो. त्या क्षणी ब्रेकचं तेल जुनं असेल, पॅड संपलेले असतील, तर गाडी थांबत नाही. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. मिस्त्रीने त्या गाडीचं तेल उघडून दाखवलं. ते काळं पडलेलं होतं.

टायरही तुम्ही पॉलिश मारून काळे कुळकुळीत केले होते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 1416 म्हणजे 2016 सालच्या 14व्या आठवड्यात बनलेला. वयाबरोबर रबर कडक होतं, खाच शिल्लक असली तरी होतं, आणि विदर्भाच्या मे महिन्यात असा टायर फुटायला निमित्त लागत नाही. कायद्याने कारच्या टायरची खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. पॉलिश वयही भरून काढत नाही आणि खाचही.

आणखी एक विचारतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपूरच्या वस्त्यांत, तळघरांत उभ्या गाड्या बुडाल्या. त्यांतल्या तुमच्याकडे किती आल्या आणि ‘नॉन अ‍ॅक्सिडेंटल’ म्हणून किती गेल्या? अपघात झाला नव्हता हे खरं, पाणी लागलं होतं तेही खरं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की आत गाळाची रेघ सापडते. सीटखालचे बोल्ट आणि स्टेपनीचा खड्डा गंजलेला असतो. वायरिंगमध्ये गेलेलं पाणी महिन्यांनी त्रास देतं, तेव्हा तुम्ही फोन उचलत नाही.

आता कागदांकडे येतो. पुतण्याला तुम्ही टीटी फॉर्म कोरे दिलेत, फक्त जुन्या मालकाच्या सह्या. ‘नावावर करून घे सवडीने,’ म्हणालात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ही सवड तुमच्या धंद्याला लागते, कारण मधल्या काळात तुमचं नाव कुठेच येत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरसीवर ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांतून गेली होती, तरी जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या माणसावर आली. म्हणजे तुम्ही आमच्या मुलाइतकंच त्या जुन्या मालकालाही टांगून ठेवलंत. तो बिचारा गाडी विकून मोकळा झालो, असं समजून झोपत असेल.

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आहे. गाडी ताब्यात आली की जुन्या मालकाने त्याची सूचना ऑनलाइन द्यायची, तेव्हापासून गाडीची जबाबदारी विक्रेत्याची. तुमच्या भिंतीवर देवांचे फोटो होते, हार होते. ते अधिकारपत्र नव्हतं.

बेल्जियममध्ये 2006 पासून गाडी गॅरेजला गेली की तिचा किलोमीटर आकडा मध्यवर्ती नोंदीत जातो, आणि विकणाऱ्याला त्या नोंदींचा दाखला घेणाऱ्याच्या हातात द्यावाच लागतो. आपल्याकडे अशी नोंद गाडीच्या नंबराला जोडायला हवी. प्रत्येक पीयूसी आणि प्रत्येक विमा नूतनीकरणाच्या वेळी आकडा टिपला, तरी तुमची वायर निकामी होईल. तोवर फसवणुकीचं कलम आहे: भारतीय न्याय संहितेचं 318. खोटा आकडा दाखवून पैसे घेणं त्यात बसतं. ग्राहक आयोगाचं दार भंडाऱ्यातही उघडं आहे. सर्व्हिस सेंटरची नोंद, तुमची पावती आणि तुमचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आम्ही जपून ठेवले आहेत.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. गाडी परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या. दुकानात आज उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर तिचा खरा आकडा लिहा.

आणि एकोडी, साकोली, लाखनीच्या मुलांनो, धानाचे चुकारे हातात आले की टोकन द्यायची घाई करू नका. आधी गाडीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, ते तिथे दिसेल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या किलोमीटरची नोंद मागा, आणि विकणारा ती मिळू देत नसेल तर तिथूनच परत या. इंजिन थंड असताना स्वतः चालू करा, सोबत गावचा मिस्त्री न्या आणि त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या. गाडी घेतल्यावर मीटर काहीही म्हणो, सगळी तेलं, फिल्टर आणि जिथे बेल्ट असेल तिथे बेल्ट बदलून घ्या, आणि त्या दिवसापासून आपली स्वतःची वही सुरू करा. आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत उरलेली रक्कम देऊ नका.

एक काका,
एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा