स्वस्त प्लाय निवडण्याची आचारसंहिता

मिस्त्रीचा फोन सारखा ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’ लागू लागला की मराठवाड्यातल्या गृहस्थाच्या मनात स्वावलंबनाचा उदय होतो. नांदेड असो की लातूर, लक्षणे सारखीच. तो रात्री कपाट बनवण्याचे व्हिडिओ पाहतो, दिवसा टेप घेऊन भिंती मोजतो आणि जेवताना मध्येच विचारतो, ‘आपल्याला कपाट किती खोल पाहिजे?’ या अवस्थेतून माणूस माघारी येत नसतो. तेव्हा त्याला निदान प्लाय तरी धड निवडता यावा, एवढ्याच उदात्त हेतूने पुढील नियम घालून देत आहोत.

नियम 1 : वडीलधाऱ्यांचा सल्ला एकदाच घ्यावा

विषय निघताच ते ‘आमच्या वेळी किनवटचं सागवान’ इथून सुरुवात करतील. किनवट-माहूरच्या जंगलात साग आहे हे खरे. जुन्या वाड्यांची सागवानी दारे अजून ठणठणीत आहेत हेही खरे. पण त्याच सागाचा आजचा भाव सांगितला की तेच वडीलधारे ‘मग ऱ्हाऊ द्या, प्लायच आणा’ म्हणतात. इथवर आले की सल्लामसलत संपली असे समजावे.

प्लाय म्हणजे काय, हे मात्र जाणून असावे. देशातला बराचसा प्लाय हरियाणातल्या यमुनानगरहून येतो आणि तो जंगलातला नसून शेतातला असतो : पॉपलर आणि निलगिरी. दक्षिणेत केरळच्या पेरुंबावूरकडे रबराचे लाकूड वापरतात. आपल्याकडचा शेतकरी जसा सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसतो, तसा तिकडचा पॉपलरच्या भावाकडे. अशा झाडाचा सालीसारखा पातळ पापुद्रा काढायचा आणि एका थराचे रेषे उभे, पुढच्याचे आडवे, असे विषम संख्येने थर चिकटवून दाबायचे. झाला प्लाय. यात गूढ काही नाही. गूढ दुकानात सुरू होते.

नियम 2 : ‘चांगला प्लाय दाखवा’ असे म्हणू नये

हे वाक्य ऐकताच दुकानदाराचा चेहरा प्रसन्न होतो, आणि ही प्रसन्नता 18 मिलिमीटर जाडीच्या प्रत्येक शीटमागे आपल्याला भरून द्यावी लागते. दुकानदार सज्जन असेल तर तो उलट विचारेल, ‘सर, कुठं लावायलेत?’ (लातुरात गिऱ्हाईकाला सर म्हणतात, शिकवण्यांच्या गावात कोण कुणाचा सर निघेल सांगता येत नाही.) संपूर्ण प्लायशास्त्रातला हा एकमेव महत्त्वाचा प्रश्न होय. त्याचे उत्तर घरूनच कागदावर लिहून न्यावे.

उत्तरे तीनच. कोरड्या खोलीतले कपाट, पुस्तकांचे रॅक, देवघराचे फडताळ असेल तर एमआर, म्हणजे बोलीभाषेत ‘कमर्शियल’. हा हवेतला दमटपणा सोसतो, पाणी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात बेडरूमला तो पुरून उरतो. स्वयंपाकघराला बीडब्ल्यूआर, म्हणजे पाणीही सोसणारा. हे दोन्ही प्रकार आयएस 303 या एकाच मानकात येतात, म्हणून नुसते ‘303 आहे’ ऐकून मान डोलावू नये. 303 मधला कोणता, ते विचारावे. तिसरा आयएस 710, म्हणजे ‘मरीन’. याचा तुकडा 72 तास पाण्यात उकळूनही थर सुटता कामा नयेत, अशी परीक्षा असते.

2016 च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातुरात ‘मरीन’ कशाला, असा विनोद कुणीही करील. पण टंचाईच्या गावातच ओट्याखाली पाणी जास्त असते. नळ कित्येक दिवसांनी येतो, म्हणून घरात ड्रम, बादल्या, घागरी. तो रात्री-अपरात्री येतो, म्हणून ते भरून वाहतात. सकाळी ओट्याखालचे कपाट घोटाभर पाण्यात उभे असते. तेव्हा सिंकखालच्या खणाला 710, आणि तेवढ्यालाच. अख्खे घर मरीनचे करणाऱ्याने आधी बंदर शोधावे.

नियम 3 : शिक्का वाचावा, नुसता पाहू नये

शीटवर ‘710 ग्रेड’ असे ठसठशीत छापायला शाईच लागते. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो फोनमधल्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कारखान्याचे नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही, ते समोर येते. दुकानात उभे राहूनच हे करावे. आपण फोन काढताच ‘अहो, तो माल वेगळ्या लॉटचा आहे’ असे वाक्य आले, तर परवाना तपासून झाला असे समजावे.

नियम 4 : तोंड बघू नये, कड बघावी

शीटचा वरचा पापुद्रा निवडणुकीच्या जाहीरनाम्यासारखा असतो : गुळगुळीत, तांबूस आणि अर्ध्या मिलिमीटरहून पातळ. ‘फेस गर्जनचा आहे’ असे अभिमानाने सांगितले जाईल. आपण नम्रपणे विचारावे, ‘आणि आत?’

कडेशी उकिडवे बसावे. थर सरळ रेषेत आहेत का? मध्येच काळी फट दिसते का? फटीत पोस्टकार्डाचा कोपरा आत गेला तर शीट परत ठेवावी, कारण नेमक्या त्या जागी बिजागरीचा स्क्रू येणार हे विधिलिखित असते. एक थर दुसऱ्यावर चढलेला असेल तर तिथे वर फुगवटा आलेला असतो. सनमायका लावल्यावर तो जास्तच दिसतो. कड लाल रंगाने रंगवलेली असेल तर सौंदर्यदृष्टीला दाद द्यावी आणि कोपरा कापून दाखवायला सांगावे. मग शीटवर हातोडीच्या दांड्याने टकटक करत जावे. आवाज एकसारखा भरीव हवा. मध्येच पोकळ लागला तर आत हवा आहे, आणि ती चौरस फुटाच्या भावाने विकली जात आहे.

जाडी चारही कोपऱ्यांवर कॅलिपरने मोजावी. 18 चा प्लाय 16 भरला तर दुकानदार ‘पॉलिशमध्ये जातंय तेवढं’ म्हणतो. पॉलिशमध्ये दोन मिलिमीटर गेले तर कपाटाला हप्त्याहप्त्याला पॉलिश मारायला हरकत नाही. वर्षअखेरीस जागा मोकळी होईल.

नियम 5 : गणित घरी करावे

भाव फुटावर सांगतात, कारण फुटावर तो गरीब वाटतो. शीट 8 बाय 4 ची, म्हणजे 32 चौरस फूट. फुटामागे ‘फक्त पंचवीस’ जास्त म्हणजे शीटमागे 800.

त्याहून मोठा घोटाळा करवतीचा. 4 फुटांची शीट उभी चिरली की 2 फुटांच्या दोन पट्ट्या निघतील, असे कागद सांगतो. करवतीचे पाते तीनेक मिलिमीटर खाते आणि दुसरी पट्टी आखूड भरते. म्हणून कपाटाची खोली 610 ऐवजी 600 मिलिमीटर धरावी. एवढ्यावरून एक शीट वाचते.

फळी तीन फुटांहून लांब ठेवू नये, मध्ये आधार द्यावा. नीटची तयारी करणारे लेकरू घरात असेल तर अडीच फूटच. त्या पुस्तकांच्या वजनाखाली 18 चा प्लायही वाकतो, लेकराचे काय सांगावे.

नियम 6 : कंजूषी जागा पाहून करावी

पाठीला 6 मिलिमीटर पुरतो. भिंतीकडचे कुणी बघत नाही. उंच दारांना ब्लॉकबोर्ड घ्यावा, तो प्लायपेक्षा कमी वाकतो. पण खालच्या तळाशी हात आखडता घेऊ नये. कपाट जमिनीपासून तीन-चार इंच वर, पायांवर उभे करावे आणि कापलेल्या सगळ्या कडा बंद कराव्यात. आपल्या काळ्या मातीतल्या वाळवीला आयएसआय चिन्ह वाचता येत नाही.

नियम 7 : बिल पक्के घ्यावे

प्लायवर जीएसटी 18 टक्के. ‘बिल पाहिजे का?’ हा प्रश्न ज्या आवाजात विचारला जातो, त्या आवाजात माणसे सहसा फक्त गुपिते सांगतात. पण कच्च्या चिठ्ठीवर मिळालेली वॉरंटी ही त्या चिठ्ठीइतकीच टिकते. माल छोट्या हत्तीतून आडवा आणावा आणि घरी सपाटच ठेवावा. भिंतीला टेकवून चार दिवस उन्हात ठेवलेली शीट धनुष्य होते, आणि धनुष्याचे कपाट होत नाही.

सारांश : कोरड्या खोलीत एमआर, स्वयंपाकघरात बीडब्ल्यूआर, सिंकखाली 710. कड बघा, परवाना क्रमांक तपासा, बिल जपून ठेवा. एवढे सगळे करूनही कपाट वाकडे झाले, तर प्लायला दोष देऊ नका.