डॉल्फिनला घेरावं कसं? नवशिक्या भंडारेकरांसाठी सोपे धडे

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही म्हणून न्यूनगंड बाळगू नका. डॉल्फिनला बेजार करायला लागणारं मूळ शिक्षण आपल्याला घरच्या घरी मिळतं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगाव भागात, पाच बछडे घेऊन निघालेल्या एफ-२ वाघिणीची वाट दोन्ही बाजूंनी जिप्सी लावून अडवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. तुम्ही फक्त मागच्या सीटवरचं वाक्य पाठ करा : ‘भाऊ, अजून थोडी पुढं घ्या ना.’ खाऱ्या पाण्यातही तेच चालतं.

१. जागा निवडा. मालवण घ्या. भंडारा रोडहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. घाबरू नका. तिथे ना झाडं, ना गेट. ज्या अभयारण्याला गेट नाही, ते आपण पाळायचं नसतं.

२. तयारी करा. स्नॉर्कल ही तोंडात धरायची नळी असते. गालात खर्रा असताना ती धरता येत नाही. आम्हाला तुमचं दुःख कळतं. थुंकायची सवय मात्र वाया जात नाही : मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून ती आतून थुंकी लावून विसळतात, ही खरीच पद्धत आहे. फक्त थुंकी लाल नको. अंगाला सनस्क्रीन भरपूर चोपडा. त्यातली काही रसायनं प्रवाळाला बाधतात म्हणून हवाई बेटांवर त्यांच्या विक्रीला बंदी आहे. पण आपण हवाईला कुठे चाललोय?

३. बोट घुसवा. मालवणच्या किनाऱ्याला दिसतात ते मुख्यतः हम्पबॅक जातीचे डॉल्फिन. त्यांना उथळ पाणी लागतं, म्हणून ते किनाऱ्यालगतच राहतात, म्हणजे आयतेच सापडतात. जगात ही जात धोक्यात आली आहे, तेव्हा घाई करा. लांबवर पाठीवरचा पंख दिसला रे दिसला की पाठ केलेलं वाक्य म्हणा. चार बोटी असतील तर चौफेर लावा. गोठणगावात दोनच बाजू होत्या. पिल्लू दिसलं तर बोट त्याच्या आणि आईच्या मधून काढा. ते पोहता पोहताच दूध पितं, म्हणजे पाठलाग सुरू झाला की जेवणाची सुट्टी आपोआप संपते.

४. आवाज चढता ठेवा. डॉल्फिन टिकटिक आवाज सोडतो, त्याचा प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून ऐकतो आणि त्यावरून मासळी हुडकतो. इंजिन चालू ठेवलंत की त्याचा अर्धा संसार बंद. वरून शिट्ट्या मारा, ब्लूटूथ स्पीकर लावा. जंगलात हॉर्न वाजवता येत नाही, ती हौस इथे फेडून घ्या.

५. उडी मारा. तो खोल गेला तरी खचू नका. डॉल्फिन मासा नाही, त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. हा त्याचा कच्चा दुवा. वर आला की मोबाईल पुढे करा. झोपेतही त्याचा अर्धा मेंदू जागा असतो. तुमच्यासारखे पाहुणे असल्यावर तो तरी दुसरं काय करणार?

६. प्रवाळावर उभे राहा. दम लागला की माणसाला टेकायला काही तरी हवंच. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण ती चिमुकल्या जिवांची वसाहत असते आणि कित्येक जाती वर्षाला मोजून काही मिलिमीटर वाढतात. तुमच्या एका टाचेखाली दहा-बारा वर्षं सहज निघतात. भोवती मासे जमावेत म्हणून ब्रेड कुस्करून टाका. प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खायचं त्यांचं काम राहून जाईल, पण व्हिडिओ झकास येईल.

७. कायदा समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. वाघ अनुसूची एकमध्ये, डॉल्फिन अनुसूची एकमध्ये, रीफ बांधणारे प्रवाळही तिथेच. म्हणजे एका तिकिटात तिघांना त्रास देता येतो. भंडारेकराला एवढी बचत दुसरीकडे कुठे मिळणार?

८. आळशी लोकांचा मार्ग टाळा. काही जण निदान पन्नास मीटर लांब थांबतात, इंजिन न्यूट्रलला टाकतात, डॉल्फिनच्या वाटेत न येता बाजूने राहतात आणि थोड्या वेळाने स्वतःच निघून येतात. पाण्यात उतरले तर नुसते तरंगतात, कशाला हात लावत नाहीत. कधी कधी डॉल्फिन आपणहून त्यांच्या जवळ येतो. यात कसलंच कौशल्य नाही, म्हणून अभ्यासक्रमातही नाही.

९. शेवटी रिव्ह्यू लिहा. याशिवाय कोर्स पूर्ण होत नाही. इंजिन बंद करून लांब थांबलेल्या बोटवाल्याला एक तारा द्या : ‘डॉल्फिन फार दुरून दाखवले. पैसे वाया.’ ज्याने कळपात बोट घातली त्याला पाच. पुढच्या सीझनला पहिल्याचं बोटीचं कर्ज तेवढंच असेल आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलेलं असेल. मग तुम्हाला काही बोलावंही लागणार नाही. बोट आपोआप पुढं घेतली जाईल.